सप्त्याच्या कीर्तनाचं लाइव्ह : तीन-चार कॅमेरे एका लॅपटॉपला कसे जोडायचे?

माळरान (धागाकर्ता)

रामकृष्ण हरी मंडळी. आमचं गाव माण तालुक्यात, जिल्हा सातारा. दरवर्षी सप्ता बसतो. पहाटे काकडा, सकाळी पारायण, संध्याकाळी हरिपाठ, रात्री ९ ते ११ कीर्तन आणि शेवटी काल्याचं. आमच्याकडं पाऊस कमी, शेतीवर भागत नाही म्हणून निम्मं गाव पोटासाठी मुंबईत, काही घरं सुरतेला, दोन-तीन पोरं आखातात. सगळ्यांना रजा मिळत नाही, म्हातारी माणसं तर प्रवासच करू शकत नाहीत, म्हणून गेली दोन वर्षं मी कीर्तन यूट्यूबवर लाइव्ह दाखवतोय. पहिल्या वर्षी एकच मोबाईल होता, दोन तास बुवांचा एकच शॉट. गेल्या वर्षी हुरूप आला, तीन वेबकॅम आणले, एक बुवांवर, एक टाळकरी आणि पखवाजावर, एक समोरच्या माणसांवर, आणि तिन्ही एका यूएसबी हबमधून (एका पोर्टाचे अनेक पोर्ट करणारा डबा) लॅपटॉपला जोडले. ओबीएसमधे (लाइव्ह पाठवायचं मोफत सॉफ्टवेअर) दोन चालले, तिसरा काळा. तिसरा चालू केला की पहिला बंद पडायचा. चौथ्या दिवशी तर भर गजरात चित्र थिजलं, आणि टाळ वाजतोय एक आणि ऐकू येतोय भलतीकडंच. मुंबईहून फोनवर फोन. मला त्या रात्री झोप आली नाही.

यंदा नीट करायचंय. सामान असं: लॅपटॉप आय५, ८ जीबी रॅम, वेगळं ग्राफिक कार्ड नाही. तेच तीन वेबकॅम. एक जुना हँडीकॅम, एका मित्राचा डीएसएलआर. वर्गणीतून १२-१५ हजार देतो म्हणालेत. मंडप साधारण ६० फूट बाय ४०, साउंडवाल्याचं टेबल स्टेजपासून ७० फुटांवर आणि मी तिथंच बसतो. सप्त्याला अजून सात आठवडे आहेत. जाणकारांनी सांगावं, काय घ्यावं आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे गेल्या वर्षी नक्की काय चुकलं.

तांबडा_दिवा

माऊली, तुमचे वेबकॅम खराब नाहीत आणि लॅपटॉपही नाही. चुकलं ते हबमधे. जरा सविस्तर लिहितो कारण हे एकदा कळलं की पुढचं सगळं सोपं जातं.

यूएसबी २ ची वायर सेकंदाला ४८० मेगाबिट नेते असं खोक्यावर लिहिलेलं असतं. १०८०पी चं कच्चं चित्र, ज्याला वाययूवाय२ म्हणतात, त्याचा हिशोब करा: १९२० गुणिले १०८० गुणिले २ बाइट गुणिले ३० फ्रेम, म्हणजे सेकंदाला साधारण १२४ मेगाबाइट, जवळजवळ १००० मेगाबिट. एका कॅमेऱ्याचं सुद्धा मावत नाही. म्हणून वेबकॅम एमजेपेग वापरतात, प्रत्येक फ्रेमची जेपीजी करून पाठवतात. मग तुम्ही म्हणाल एमजेपेग लहान असतं, तीन सहज मावतील. इथंच गोम आहे. एसटीत खिडकीतून रुमाल टाकून जागा धरतात ना, वेबकॅम तेच करतो. खरं किती पाठवायचंय ते बघत नाही, चालू होतानाच जास्तीत जास्त लागेल तेवढी जागा धरून ठेवतो. यूएसबी २ वर एक कॅमेरा सेकंदाला २४ मेगाबाइटपर्यंत, म्हणजे १९६ मेगाबिट, धरू शकतो. आणि अशी आरक्षित जागा एकूण ४८० च्या ८० टक्केच, म्हणजे ३८४. दोघांनी पूर्ण रुमाल टाकले की ३९२ झाले, संपलं. तुमचे दोन तरी चालले म्हणजे त्यांनी कमी जागा धरली असणार. तिसऱ्याला उभं राहायलाही जागा उरली नाही.

आणखी एक, यूएसबी ३ चा निळा हब घेतला की सुटेल असं वाटतं, पण कॅमेरा जर यूएसबी २ चा असेल तर तो त्या हबमधूनही जुन्याच वायरीवरून जातो. यूएसबी ३ च्या वायरीत दोन्ही रस्ते वेगवेगळे असतात.

आत्ता लगेच करून बघण्यासारखं: हब काढा, तीन कॅमेरे लॅपटॉपच्या तीन वेगळ्या पोर्टांना थेट लावा. डिव्हाइस मॅनेजर उघडून व्ह्यू मधे डिव्हाइसेस बाय कनेक्शन करा, कोणता कॅमेरा कोणाच्या पोटात बसलाय ते झाडासारखं दिसेल. काही लॅपटॉपमधे बाहेरून दोन पोर्ट दिसतात पण आत एकच हब असतो, तेही तिथं कळतं. आणि ओबीएसमधे प्रत्येक कॅमेऱ्याच्या प्रॉपर्टीज मधे रिझोल्यूशन कस्टम करून ७२०पी, ३० फ्रेम, एमजेपेग असं हाताने निवडा. डिफॉल्टवर सोडू नका. वाययूवाय२ ला ठेवलं तर बरेच वेबकॅम ७२०पी ला १० फ्रेमच देतात, कारण तेवढंच मावतं.

लिनक्सवाला_कोल्हापूर

वर तांबडा दिवा यांनी लिहिलंय ते शंभर टक्के. लिनक्सवर हाच प्रकार झाला की एरर येतो "नो स्पेस लेफ्ट ऑन डिव्हाइस" आणि नवीन माणूस हार्डडिस्क रिकामी करत बसतो, मी स्वतः दोन तास फोटो उडवत होतो. तो डिस्कबद्दल नसतो, यूएसबीवर जागा नाही असं तो सांगत असतो.

पाणवठा

एवढं कशाला दादा, घरोघरी चांगले फोन आहेत. चार फोन घ्या, ड्रॉइडकॅम सारखं अ‍ॅप टाका, वायफायवरून ओबीएसमधे घ्या. फोनचा कॅमेरा कुठल्याही वेबकॅमपेक्षा चांगला, वायर नाही, खर्च शून्य. आम्ही लग्नात केलंय.

रंगपीठ

पाणवठा दादा, लग्नात चाललं असेल, पण सप्त्यात मंडपात पाचशे माणसं आणि तेवढेच मोबाईल येतात. २.४ गिगाहर्ट्झचं वायफाय अशा गर्दीत गुदमरतं. दुपारी मोकळ्या मंडपात चाचणी उत्तम होते आणि रात्री सगळं तुटक येतं, हे मी एका नृत्याच्या कार्यक्रमात सोसलंय, पालक बाहेरगावहून बघत होते आणि मुलीचा पहिला कार्यक्रम होता, तो क्षण परत येत नाही. फोन वापरायचाच असेल तर यूएसबीच्या वायरीने जोडा, फ्लाइट मोडवर टाका म्हणजे मधेच कुणाचा कॉल येणार नाही, आणि कव्हर काढा, दोन तासांत तापतो.

माळरान दादा, मी पुण्यात हौशी नाटकं आणि अरंगेत्रम (भरतनाट्यम शिकणाऱ्यांचा पहिला रंगमंच कार्यक्रम) यांचं लाइव्ह करते, सहा-सात वर्षं झाली. माझं मत असं की तुमच्याकडे हँडीकॅम आणि डीएसएलआर आहेत तर वेबकॅमवर जीव टाकू नका. मंडपातल्या उजेडात वेबकॅमचं चित्र दाणेदार येतं आणि त्याला झूम नाही. ७० फुटांवरून वेबकॅमची यूएसबी वायर नेताही येत नाही, यूएसबी २ साध्या वायरीने ५ मीटरपर्यंतच. गेल्या वर्षी तुम्ही मधे एक्स्टेन्शन जोडली असणार, बरोबर ना?

हँडीकॅमला एचडीएमआय असतं. त्याला एक कॅप्चर कार्ड लावलं की लॅपटॉपला तो वेबकॅमसारखाच दिसतो. स्वस्त कार्डांवर फोर-के लिहिलेलं असतं, ते आत येणाऱ्या सिग्नलबद्दल असतं. बाहेर ती यूएसबी २ वरून १०८०पी ३० फ्रेम एमजेपेगच देतात. तुम्हाला तेवढं पुरे. फक्त दोन एकसारखी कार्डं घेतलीत तर ओबीएसमधे दोघांचं नाव एकच दिसतं आणि पोर्ट बदलला की सोर्स सापडत नाही किंवा अदलाबदल होते, तेव्हा कार्डावर आणि लॅपटॉपच्या पोर्टावर पांढरी पट्टी चिकटवून १, २ लिहा आणि ते कधीच बदलू नका.

कॅमेऱ्याच्या सेटिंगमधे स्क्रीनवरची अक्षरं, बॅटरीचं चिन्ह, फोकसचा चौकोन हे एचडीएमआयवर जाणं बंद करा. डीएसएलआरला ते जमतं का ते आधी टीव्हीला जोडून बघा, काही जुन्या मॉडेलमधे ती अक्षरं काढताच येत नाहीत. त्याचं ऑटो पॉवर ऑफ बंद करा. आणि रेकॉर्डचं बटण दाबू नका, बऱ्याच डीएसएलआरचं रेकॉर्डिंग २९ मिनिटं ५९ सेकंदांना थांबतं, नुसतं एचडीएमआय आउट चालू ठेवलं तर ती मर्यादा आड येत नाही. बॅटरी दोन तास पुरणार नाही, डमी बॅटरी मिळते ती थेट प्लगला लागते.

आणि मायक्रो एचडीएमआयचं भोक फार नाजूक. वायर ट्रायपॉडच्या पायाला दोरीने बांधा म्हणजे कुणाचा पाय अडकला तर ओढ दोरीवर येईल, कॅमेऱ्यावर नाही.

माळरान (धागाकर्ता)

रंगपीठ ताई, एक्स्टेन्शनच होत्या, दोन-दोन जोडून. सगळं तुम्ही समोर बसून बघितल्यासारखं सांगितलंत.

आज हब काढून थेट लावून बघितलं. तिन्ही कॅमेरे चालले! ७२०पी, एमजेपेग. दोन वर्षांत पहिल्यांदा तीन चित्रं एकत्र बघितली, आई चहा घेऊन आली तिलाही दाखवलं. पण तुम्ही म्हणता तसा दाणा आहेच. आता प्रश्न ७० फुटांचा. एचडीएमआयची एवढी लांब वायर चालते का? आणि मित्र म्हणतो अ‍ॅटम मिनी नावाचा स्विचर घे, सगळे प्रश्न मिटतील. खरं का?

रंगपीठ

७० फूट म्हणजे २१ मीटर. साधी एचडीएमआय १० मीटरपर्यंत बिनधास्त, १५ ला नशिबावर, २१ ला नको. तीन रस्ते आहेत. एक, ऑप्टिकल एचडीएमआय, ३०-५० मीटर आरामात जाते पण तिला दिशा असते, एका टोकाला सोर्स आणि दुसऱ्याला डिस्प्ले लिहिलेलं असतं, उलटी टाकली की चित्र येत नाही आणि मंडपभर अंथरल्यावर ते कळतं. शिवाय आत काच असते, कचकन वाकवली की गेली. दोन, एसडीआय, कॅमेऱ्याजवळ एक कन्व्हर्टर, लॅपटॉपजवळ एक, मधे जाड कोअ‍ॅक्स वायर, १०८०पी ला १०० मीटरच्या आसपास जाते आणि वायरवरून माणसं चालली तरी काही होत नाही. मोठे लोक हेच वापरतात. पण प्रत्येक कन्व्हर्टरला वीज हवी आणि पैसेही. तीन, स्वतः हला. साउंडवाल्याजवळ बसायचं कारण काय? लॅपटॉप स्टेजच्या बाजूला न्या, कॅमेऱ्यापासून ८-१० मीटरवर. आवाजाची वायर ७० फूट नेणं चित्राच्या वायरीपेक्षा कितीतरी सोपं आहे. मी तुमच्या जागी असते तर तिसरा रस्ता धरला असता.

अ‍ॅटम मिनी २०१९ साली आला, ब्लॅकमॅजिक कंपनीचा. चार एचडीएमआय आत, बटणं दाबून बदलायचं, आणि लॅपटॉपला एकच यूएसबी वायर जाते, त्यामुळे तुमचं रुमालाचं भांडण मुळातच मिटतं. वेगवेगळ्या कॅमेऱ्यांची वेगवेगळी फ्रेम रेट तो आतल्या आत जुळवून घेतो. वस्तू उत्तम, मी वापरते. पण वेबकॅम त्याला लागत नाहीत, फक्त एचडीएमआय, आणि वायरीच्या लांबीचा प्रश्न तसाच राहतो. तुमच्या बजेटमधे तो नवा घेऊन वर वायरी, डमी बॅटरी, आवाजाचं सामान बसेल असं वाटत नाही. भाड्याने मिळाला तर घ्या, नाहीतर दोन कॅप्चर कार्डं आणि ओबीएस यावर काम छान होतं.

दगडफूल

समोरच्या माणसांच्या शॉटसाठी एक सुचवतो. सीसीटीव्हीचा आयपी कॅमेरा. एकाच लॅन वायरीतून चित्र पण येतं आणि वीज पण जाते, पीओई म्हणतात, १०० मीटरपर्यंत चालते. मंडपाच्या खांबावर उंच बांधा. ओबीएसमधे मीडिया सोर्स घ्या, लोकल फाइलची टिक काढा आणि कॅमेऱ्याचा आरटीएसपी पत्ता (नेटवर्कवरून त्याचं चित्र उचलायचा पत्ता) टाका. देवळाला कॅमेरे बसवलेले असतील तर एखादा तयारच असेल. यूएसबीचा एकही पोर्ट खर्च होत नाही.

तांबडा_दिवा

दगडफूल यांची सूचना चांगली, पण तो कॅमेरा एक-दोन सेकंद मागं असतो. श्रोत्यांवर चालेल, कोण कधी डोलतंय ते कुणाला कळत नाही. टाळकऱ्यांवर मात्र तो कधीही वापरू नका, टाळ आणि आवाज यात दोन फ्रेमचा फरक पडला तरी डोळ्याला खुपतो. गेल्या वर्षीची तुमची दुसरी तक्रार तीच होती. त्याचा इलाज सांगतो.

प्रत्येक कॅमेरा थोडा उशिराच पोचतो, आवाज मात्र लवकर पोचतो. ओबीएसमधे ऑडिओ मिक्सरच्या चाकावर दाबा, अ‍ॅडव्हान्स्ड ऑडिओ प्रॉपर्टीज, तिथं सिंक ऑफसेट, म्हणजे आवाज किती मागं ढकलायचा, आकडा मिलिसेकंदात. किती टाकायचा हे अंदाजानं नको. एका टाळकऱ्याला कॅमेऱ्यासमोर उभं करा, एकच ठोका मारायला सांगा, ओबीएसमधे रेकॉर्ड करा आणि ती फाइल एकेक फ्रेम पुढे नेत बघा. सिनेमावाले पाटी आपटतात, आपल्याकडं त्याहून सरस वस्तू आहे. ३० फ्रेमला एक फ्रेम म्हणजे ३३ मिलिसेकंद, २५ ला ४०. आवाज ऐकू आल्यावर पाच फ्रेमनी टाळ भिडलेला दिसला, ३० फ्रेमचं रेकॉर्डिंग असेल, तर १६५ टाका.

आता खरी मेख: तुमचे कॅमेरे वेगवेगळ्या जातीचे, प्रत्येकाचा उशीर वेगळा. आवाजाला एकच आकडा देता येतो. म्हणून सगळ्यात मागं असणारा कॅमेरा धरा आणि बाकीच्यांना त्याच्याइतकं मागं ओढा. सोर्सवर फिल्टर्स, त्यात व्हिडिओ डिले. आधी कॅमेरे एकमेकांशी जुळवा, मग आवाज त्यांच्याशी. आयपी कॅमेरा या हिशोबात धरू नका.

मृदुंगी

मी पखवाज वाजवतो, पंढरपूरकडचा. तांत्रिक फार कळत नाही पण बऱ्याच ठिकाणी वाजवायला जातो आणि नंतर यूट्यूबवर ऐकतो तेव्हा वाईट वाटतं. चित्र झकास आणि आवाज डब्यातून आल्यासारखा. माऊली, कीर्तन ऐकायचं असतं. मुंबईतला माणूस भांडी घासता घासता, गाडी चालवताना ऐकतो, स्क्रीनकडं बघतो कुठं? चौथ्या कॅमेऱ्याचे पैसे आवाजावर टाका.

आणि साउंडवाला मंडपासाठी जो आवाज लावतो तोच तुम्ही घेता. मंडपात पखवाज आणि टाळ स्वतःच एवढे मोठे असतात की त्यांचे माइक तो बारीक ठेवतो. तुमच्याकडं मग बुवाच ऐकू येतात, पखवाज लांब कुठंतरी, आणि गजर रंगात आला की कळतच नाही इथं नक्की काय चाललंय. धुमेचा, म्हणजे पखवाजाच्या डाव्या तोंडाचा, घुमारा आला नाही तर त्या गजराला काय अर्थ.

रंगपीठ

मृदुंगी दादांनी फार मोलाचं सांगितलं. त्याचा तांत्रिक उपाय म्हणजे साउंडवाल्याकडून मुख्य आउट घेऊ नका, ऑक्स आउट (मिक्सरमधून निघणारं वेगळं जादा आउट) मागा, प्री-फेडर, म्हणजे मंडपाच्या आवाजाच्या पट्ट्या वरखाली केल्या तरी न बदलणारं. म्हणजे तुमचं मिश्रण वेगळं, तो मंडपात पखवाज कमी करेल तरी तुमच्याकडे भरपूर राहील. शिवाय एक साधा माइक श्रोत्यांच्या दिशेने लावून थोडासा मिसळा, नाहीतर पाचशे माणसं टाळी वाजवताना दिसतात आणि आवाज शून्य, फार कोरडं वाटतं.

ही ऑक्सची वायर लॅपटॉपच्या माइकच्या भोकात घालू नका. मिक्सरचा सिग्नल जोरदार, माइकचं भोक नाजूक, आवाज फाटतो. यूएसबी ऑडिओ इंटरफेस घ्या, दोन चॅनलचा साधा. आणि घूंऽऽ असा आवाज आला तर तो ५० हर्ट्झचा अर्थिंगचा हम. आधी लॅपटॉपचा चार्जर काढून बघा, गेला तर तेच कारण. मधे ऑडिओ आयसोलेटर ट्रान्सफॉर्मर लावला की जातो, किंवा मिक्सर आणि लॅपटॉप एकाच बोर्डावरून चालवा. प्लगची अर्थिंगची पिन मात्र कधीच काढू नका, मंडपात ओल असते, लहान मुलं फिरत असतात. ओबीएसच्या मीटरवर बुवांचं बोलणं पिवळ्यात राहू दे, गजराला लालला स्पर्श झाला तर चालेल, टोकाला भिडता कामा नये.

माळरान (धागाकर्ता)

मंडळी, कसं आभार मानू. ठरवलं ते सांगतो. हँडीकॅम बुवांवर, डीएसएलआर टाळकऱ्यांवर, दोघांना कॅप्चर कार्ड. श्रोत्यांवर देवळाचाच आयपी कॅमेरा, दगडफूल म्हणाले तसा तयारच निघाला, पासवर्ड विश्वस्तांकडं होता. एक वेबकॅम पखवाजाच्या अगदी जवळ, फक्त हात दिसतील असा, कारण आता लॅपटॉप स्टेजच्या बाजूलाच आहे. उरलेल्या पैशात ऑडिओ इंटरफेस, ऑक्सची लांब वायर, डमी बॅटरी आणि ऑप्टिकल नाही, साध्याच दोन १० मीटरच्या वायरी.

काल शाळेच्या हॉलमधे रंगीत तालीम केली. तीन अडचणी. हँडीकॅमच्या चित्रात हात हलला की कंगव्यासारख्या रेघा दिसतात. आणि ट्यूबलाइटखाली वेबकॅमच्या चित्रावर पट्टे सरकत राहतात. तिसरं म्हणजे कॅमेरा बदलला की एक-दीड सेकंद काळं होतं आणि मग चित्र येतं.

तांबडा_दिवा

रेघा: जुना हँडीकॅम १०८०आय देतो, म्हणजे एक आड एक ओळी. ओबीएसमधे त्या सोर्सवर राइट क्लिक, डीइंटरलेसिंग, यादिफ निवडा. गेल्या समजा.

पट्टे: आपली वीज ५० हर्ट्झची, दिवे सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. वेबकॅमच्या सेटिंगमधे पॉवर लाइन फ्रिक्वेन्सी ६० असेल ती ५० करा. डीएसएलआरवर शटर हाताने १/५० करा आणि व्हिडिओ सिस्टिम पाल ठेवा. मंडपात रंगीत एलईडीच्या माळा असतील तर त्यातल्या काही तरीही लुकलुकतील, त्या बुवांच्या मागून काढायला सांगा. तेवढं कमिटी ऐकेल.

काळं: कॅमेऱ्याच्या प्रॉपर्टीज मधे "डिअ‍ॅक्टिव्हेट व्हेन नॉट शोइंग" ची टिक काढा. ती असली की पडद्यावर नसलेला कॅमेरा बंद होतो आणि परत उठायला वेळ घेतो. आणि तोच कॅमेरा दुसऱ्या सीनमधे हवा असेल तर नवीन सोर्स करू नका, अ‍ॅड एक्झिस्टिंग करा. एकाच कॅमेऱ्याला दोनदा उघडायला गेलं की दुसरा उघडत नाही.

रंगपीठ

बदलण्याबद्दल थोडं, कारण यावर कुणी बोलत नाही. स्टुडिओ मोड चालू करा म्हणजे डावीकडे पुढचं चित्र, उजवीकडे आत्ता जातंय ते. हॉटकी मधे १ ते ४ आकड्यांवर चार सीन लावा. फेड वापरू नका, कट वापरा, आणि कट ठोक्यावर मारा, समेवर मारलेला कट दिसतच नाही. बुवा निरूपण सांगत असतील तेव्हा बदलू नका, पाच पाच मिनिटं त्यांच्यावरच राहा, माणूस बोलणाऱ्याच्या डोळ्यांकडे बघत असतो. चरण म्हणून टाळकऱ्यांकडे पाहिलं की दोनवर जा. श्रोत्यांचा शॉट बायकांच्या बाजूचा घेताना फार जवळचा नको, आणि मंडपाच्या दारात चित्रीकरण सुरू असल्याची पाटी लावा.

खाडीकाठ

कॅमेरे झाले, आवाज झाला, गावात अपलोड किती मिळतं? डाउनलोडचा आकडा बघून लोक फसतात. आणि चाचणी रात्री साडेनऊला घ्या, दुपारी नाही. मिळालेल्या अपलोडच्या अर्ध्यापेक्षा जास्त बिटरेट (सेकंदाला किती डेटा पाठवायचा तो आकडा) लावू नका. ६ मेगाबिट अपलोड असेल तर ७२०पी, ३००० केबीपीएस, सीबीआर (म्हणजे बिटरेट कायम एकसारखा), कीफ्रेम इंटर्व्हल (पूर्ण चित्राची फ्रेम किती वेळाने पाठवायची) २ सेकंद. तासाला साधारण १.३५ जीबी जातो, सात दिवसांच्या दोन-दोन तासांच्या कीर्तनाचे १९ जीबी धरा, डेटा पॅक त्या हिशोबाने. काल्याचं वेगळं.

एन्कोडर (चित्र आवळून लहान करणारा भाग) क्विकसिंक निवडा, ग्राफिक कार्ड नसलं तरी तुमच्या आय५ च्या पोटात बहुधा तो आहेच, एक्स२६४ (सगळं काम मुख्य प्रोसेसरवर टाकणारा) लावलात तर चार कॅमेऱ्यांखाली लॅपटॉप हाफेल. ओबीएसचं स्टॅट्स उघडं ठेवा: ड्रॉप्ड फ्रेम वाढल्या तर नेटचा दोष, एन्कोडिंग लॅग वाढला तर लॅपटॉपचा. दोन्हीचे इलाज वेगळे, म्हणून आधी तिथं बघा मग धावपळ करा.

शिवाय लॅपटॉपवर रेकॉर्डिंगही चालू ठेवा आणि ते एमकेव्ही मधे. मधेच लॅपटॉप बंद पडला तर साध्या एमपी४ ची पूर्ण फाइल जाते, एमकेव्ही जिथपर्यंत झाली तिथपर्यंत वाचते. राउटर, आयपी कॅमेऱ्याचा स्विच आणि कॅमेऱ्यांचे प्लग इन्व्हर्टरवर घ्या. जनरेटर सुरू व्हायला अर्धं मिनिट लागतं तेवढ्यात सगळं कोसळतं.

माळरान (धागाकर्ता)

उशीर झाला लिहायला. सप्ता परवा उठला. सांगायलाच हवं म्हणून बसलोय.

पहिल्या दिवशी हात थरथरत होते. हरिपाठावर सराव केला, रात्री कीर्तनाला सुरुवात. टाळ आणि चित्र जुळलं होतं, आकडा निघाला १९८. दुसऱ्या दिवशी आयपी कॅमेरा गेला, कुणीतरी स्विचचा प्लग काढून फोन चार्जिंगला लावला होता, तेव्हापासून तिथं पट्टी मारली. चौथ्या दिवशी लाइट गेली, बरोबर गजरात, आणि मंडप अंधारात पण चित्र चालू, पखवाज चालू, इन्व्हर्टरवरचा एकच बल्ब बुवांच्या तोंडावर. कुणीही थांबलं नाही. ते दीड मिनिट मी पखवाजावरच्या वेबकॅमवर राहिलो, हात नुसते सावलीसारखे दिसत होते. मृदुंगी माऊली, ते तुमच्यासाठी होतं. धुमेचा आवाज मुंबईत पोचला, चुलत्यांनी फोन करून तेवढंच सांगितलं.

काल्याच्या दिवशी हंडी फुटली तेव्हा दही डीएसएलआरपर्यंत आलं. प्लास्टिकची पिशवी आधीच बांधली होती.

आता एक नवीन मागणी आलीय. वीणा सात दिवस खाली ठेवत नाहीत, रात्रंदिवस पहारा असतो, दोन-दोन तासांनी एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर जाते. सुरतेच्या मंडळींनी विचारलं की पुढच्या वर्षी विण्याचा पहारा चोवीस तास दाखवता येईल का. एका आजोबांचा रात्री २ ते ४ चा पहारा चाळीस वर्षं ठरलेला होता, आता त्यांना येता येत नाही, त्यांना त्या वेळेला उठून बघायचंय. हे जमेल का?

खाडीकाठ

जमेल. पण सात दिवस एकच लाइव्ह चालू ठेवू नका, १२ तासांच्या आतलं लाइव्हच यूट्यूब आपोआप पूर्ण जपून ठेवतं. रोज आठ-आठ तासांचे तीन तुकडे करा, पहिला पहाटे काकड्याच्या आधी सुरू. एक तुकडा बंद करून लगेच पुढचा, म्हणजे पहारा बदलताना मधे खंड पडायला नको. एकच कॅमेरा, ४८०पी, १००० केबीपीएस पुरे, तासाला अर्धा जीबीपेक्षा कमी. त्यासाठी दुसरा चॅनल केलात तर त्याचं लाइव्ह पहिल्यांदा चालू व्हायला २४ तासांपर्यंत लागतात तेव्हा आधीच करून ठेवा.

तांबडा_दिवा

आणि रात्री २ ला मंडपात उजेड कमी असतो. समईच्या बाजूने विणेकऱ्यावर पडेल असा एक पिवळा साधा बल्ब लावा, आजोबांना चेहरा दिसला पाहिजे.